सोलापूरच्या गच्चीवर लॅव्हेंडर, ट्यूलिप, हायड्रेंजिया जगतील का?

गच्ची_जुळेसोलापूर

नमस्कार. गेल्या दिवाळीत आम्ही जुळे सोलापूरला स्वतःच्या घरात राहायला आलो. वर गच्ची मोकळी आहे आणि ती मला फुलांनी भरायची आहे. थोरली चौथीत आहे. तिच्या डोक्यात आलंय की प्रत्येक कुंडीवर देशाचं नाव लिहायचं आणि गच्चीवर जगाचा नकाशाच मांडायचा. मलाही ते फार आवडलंय.

आमची यादी अशी: फ्रान्सचं लॅव्हेंडर, हॉलंडचे ट्यूलिप, जपानचं निळं हायड्रेंजिया. बी आणि कंद ऑनलाइन मिळतात, ऑर्डर अजून टाकलेली नाही.

परिस्थिती सांगते. दुपारी एकपासून मावळेपर्यंत पश्चिमेचं ऊन थेट. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, ते घरातच संपतं, म्हणजे झाडांना बोअरचंच द्यावं लागेल. ते खारट आहे, बादलीला पांढरा थर धरतो. धाकटा दोन वर्षांचा आहे आणि हाताला येईल ते तोंडात घालतो.

यातलं काय जगेल? नसेल जगत तर त्याऐवजी काय लावू? एक-दोन पाऊस झाले की सुरुवात करायची आहे.

विडीघरकुलवाले

तिन्ही जगणार नाहीत. बोगनवेल लावा आणि निर्धास्त राहा. आमची पत्र्यावर चढलीय, मे महिन्यात आम्ही गावाला जाऊन आलो तरी तिला काही होत नाही.

रोपवाली_होटगीरोड

ताई, ऑर्डर टाकू नका, पण मुलीचा नकाशाही सोडू नका. तो सोलापुरात झकास होईल, फक्त देश बदलावे लागतील.

मी होटगी रोडला रोपं विकते. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘ऊन चालतं का, पाणी किती लागतं?’ माझा प्रश्न वेगळा असतो. हे झाड मूळचं जिथलं आहे, तिथं पाऊस कधी पडतो? किती पडतो ते नंतर बघू. कधी, ते आधी.

लॅव्हेंडरचंच बघा. दक्षिण फ्रान्स, स्पेन या भागातल्या उघड्या डोंगरउतारांवरचं झुडूप. ऊन कडक, जमीन चुनखडीची, पाणी बेताचं. वाचलं की वाटतं, हे तर आपलंच वर्णन की ओ! पण तिकडे पाऊस येतो हिवाळ्यात, थंडीबरोबर, आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे पाऊस उकाड्याबरोबर येतो. जुलै-ऑगस्टात कुंडीतली माती ओलीही असते आणि गरमही, रात्रीसुद्धा दमट. लॅव्हेंडरचं मूळ त्यात कुजतं. शेंड्याची पानं राखाडी-हिरवी, चांगली दिसत असतात आणि बुडातून झुडूप तपकिरी होत बसतं. आपल्या देशात लॅव्हेंडरची शेती होते ती थंड डोंगरांत, जशी जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहला. फुलांचं तेल काढतात, ते अत्तराला आणि साबणाला जातं.

ट्यूलिपवर हॉलंड लिहू नका. रानातलं ट्यूलिप मध्य आशियातलं, तिएन शान आणि पामीर पर्वतांच्या पायथ्यांचं. तिथून ते तुर्कांच्या बागांत गेलं आणि 16व्या शतकात युरोपात. क्लूसियस नावाचे वनस्पतितज्ज्ञ 1593 मध्ये लायडनच्या विद्यापीठात आले, त्यांनी तिथल्या बागेत कंद लावले, तेव्हापासून डच लोकांचं आणि ट्यूलिपचं जमलं. कंदाला तीन-साडेतीन महिने चांगली थंडी लागते, फ्रीजमध्ये असते तशी. त्याशिवाय दांडा वर येत नाही. सोलापूरची डिसेंबरातली दुपार तिशीला टेकते. कंद फ्रीजमध्ये ठेवून फुलवणारे हौशी लोक आहेत, पण फूल बुटकं येतं, चार दिवसांत उघडून पडतं आणि तो कंद पुढच्या वर्षी उपयोगाचा राहत नाही. पैसे घालवू नका.

हायड्रेंजिया जपानच्या किनारपट्टीचं, ओलसर हवेतलं. त्याला निळा रंग येतो तो आम्ल मातीतून मिळणाऱ्या अॅल्युमिनियममुळे. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढे, त्यात तुमचं बोअरचं पाणी. पानं पिवळी पडतील आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. निळं फूल तर विसराच. उटीला गेलात की मुलीला दाखवा.

आता आपल्यासारखे मुलूख. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तो जूनपासून पडतो आणि खरा भरवसा सप्टेंबरचा. पुढे सात-आठ महिने कोरडे, मेमध्ये पारा 42-43 वर. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे आपलेच महिने. सहाराच्या दक्षिणेला साहेल म्हणून पट्टा आहे, तिथंही जून ते सप्टेंबर. मादागास्कर विषुववृत्ताच्या खाली, म्हणून त्याच्या पश्चिम बाजूला नोव्हेंबर ते मार्च. पण तो त्यांचा उन्हाळाच, पाऊस उकाड्यातच येतो. या मुलखांतल्या झाडांना सोलापूरची हवा नवी वाटत नाही.

मेक्सिकोची कुंडी एक नको, चार करा. झेंडू तिकडचा. आपण दसऱ्याला तोरण बांधतो, ते लोक 1 आणि 2 नोव्हेंबरला मेलेल्या माणसांच्या आठवणीत घराच्या दारापासून पूजेच्या जागेपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. निशिगंध तिकडचा. त्याचा अर्क अत्तराच्या धंद्यात फार महाग, फ्रान्समधल्या ग्रास गावाचं नाव त्यासाठी मोठं आहे. सुवास हवा असेल तर सिंगल घ्या, डबलचं फूल भरगच्च पण वासाला कमी. पांढरा चाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, निकाराग्वाचं ते राष्ट्रीय फूल आहे. चाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री वासाने पतंग येतात, मधाच्या आशेने एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालत जातात, आणि तेवढ्यात परागीकरण होऊन जातं.

चौथी कुंडी ब्रह्मकमळाची. आपल्याकडे घरोघरी एका रात्रीत फुलतं आणि लोक आरती करतात, ते झाड मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातलं निवडुंग आहे, तिथं मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ साडेतीन हजार मीटरच्या वर येतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कुंडीजवळ बसून नीट बघा. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेला खाचा असतात आणि कळी त्या खाचेतून फुटते, आधी लालसर देठ, मग वाकलेली मान. झाडांच्या सावलीत वाढणारं असल्यामुळे तुमच्या पश्चिमेच्या उन्हात करपेल. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला ठेवा.

मादागास्करची सदाफुली. हिच्याबद्दल मुलीला जरूर सांगा. मधुमेहावर गावठी औषध म्हणून तिची ख्याती होती, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर तपासलं. साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हाती लागलं, पुढे व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही व्हिन्क्रिस्टिन देतात. एवढं जालीम औषध ज्या पानांत आहे ती पानं आपल्याकडे लोक साखरेसाठी सकाळी चावून खातात! हात जोडून सांगते, कुणी खाऊ नका, आणि ही कुंडी धाकट्याच्या हाताला लागू देऊ नका.

साहेलचं अॅडेनियम. बुडाला खोड फुगलेलं असतं, त्यात पाणी साठवतं. मेमधल्या सोलापुरात खुशीत असणारं दुसरं फुलझाड मला माहीत नाही. पण त्याचा चीक विषारी, आफ्रिकेत शिकारी बाणाला लावत आलेत. तुमचा धाकटा मोठा होईपर्यंत ते माझ्याकडेच राहू द्या. कण्हेर आणि बिट्टीचंही तेच.

बोगनवेल मूळची ब्राझीलकडची, विडीघरकुलवाल्यांचं बरोबर आहे. 1760च्या दशकात बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या जहाजावर कॉमर्सन हा वनस्पतितज्ज्ञ होता, त्याने तिची नोंद केली. त्याच्याबरोबर जान बारे ही बाई पुरुषाच्या वेशात मदतनीस म्हणून गेली होती, पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. मुलीला हे नक्की आवडेल. आणि एक गुलाबी झुपका तोडून तिच्या हातावर ठेवा. तीन रंगीत कागदी पानं, प्रत्येकाच्या मधोमध शिरेला चिकटलेली एक बारीक नळी, नळीच्या टोकाला पांढरं चांदणीएवढं फूल. खरं फूल ते. रंग सगळा पानांचा. काटे असतात, तेव्हा कठड्याच्या बाहेरच्या अंगाला सोडा.

गच्ची_जुळेसोलापूर

ताई, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ऑर्डर टाकत नाही. मुलीने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून घेतला आणि जान बारेवर तिचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. पण ती एका गोष्टीवर अडून बसलीय, निळं फूल हवंच. गोकर्ण सोडून दुसरं काही आहे का? गोकर्ण आईकडे आहे, तिला नवीन काहीतरी हवंय.

मोहोळचा_शेतकरी

रोपवाल्या ताईंचं वाचलं, पटलं. पण एक शंका आहे. आमच्याकडे डाळिंब आहे आणि ज्वारीत करडईचे पट्टे. डाळिंब इराणकडचं, करडईही पश्चिम आशियातली. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो असं तुम्हीच लॅव्हेंडरच्या बाबतीत म्हणता. मग ही दोन्ही पिकं आपल्या जिल्ह्यात एवढी कशी रुजली? डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला उगीच नाही.

गच्चीवाल्या ताई, डाळिंब मोठ्या कुंडीत येतं. लाल मेणासारखं फूल शोभेलाही छान. फुलं दोन तऱ्हेची येतात. बुडाशी घागरीसारखं फुगीर असेल त्याचं फळ होतं, सरळ घंटेसारखं असेल ते नर, ते गळतं. गळ बघून घाबरू नका. कुंडीत कडेला झेंडू लावा, मुळांना सूत्रकृमी (मातीतले बारीक जंत) कमी लागतात. आम्ही बागेत लावतो.

पूर्वभागातली

मी पद्मशाली, म्हणजे तेलुगु विणकर समाजातली, आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येपासून बतुकम्मा असते. पितळी ताटात फुलांचे थर रचत शिखर करतो, बायका भोवती फेर धरतात, शेवटच्या दिवशी पाण्यात सोडतो. त्यात मान दोन फुलांचा, तंगेडू आणि गुनुगू. तंगेडू म्हणजे मराठीत तरवड, गुनुगू म्हणजे कुर्डू. दोन्ही आपल्या माळावर, बांधावर आपोआप येतात, कुणी पाणी घालत नाही. तरवडाची साल चामडं कमवायला वापरत. तंगेडू आता तेलंगणाचं राज्यफूल आहे. कुर्डूची कोवळी पानं आपण भाजीला घेतो, नायजेरियातही याची पालेभाजी रोजच्या जेवणात असते.

जगाच्या नकाशात सोलापूरची पण कुंडी असू द्या ना. तरवडाचं बी मी देईन. कोवळं रोप उपटून आणू नका, सोटमूळ तुटलं की ते धरत नाही.

आणि लाल अंबाडी! भाजीची अंबाडी सगळ्यांना माहीत, पण जिच्या फुलाखालचा भाग मांसल आणि लालभडक होतो ती वेगळी, मूळची आफ्रिकेची. फूल फिकट पिवळं, मधे गडद डोळा, दुपारपर्यंत मिटतं. फूल गळल्यावर लाल पाकळ्यांसारखं जे उरतं ते तोडायचं, आतलं बोंड हिरवं असतानाच. त्याचं सरबत इजिप्त-सुदानमध्ये करकदे, सेनेगलमध्ये बिसाप. आम्ही चटणी करतो, भाकरीबरोबर. पहिल्या पावसाला पेरलं की दिवाळीच्या सुमारास तोडायला येतं.

रोपवाली_होटगीरोड

मोहोळच्या दादांनी बरोबर जागी बोट ठेवलं. करडई आपण पेरतो कधी? सप्टेंबर-ऑक्टोबरात, रब्बीला. पाऊस संपत आलेला, काळ्या रानात ओल मुरलेली, हवा थंड होत चाललेली. तिच्या मुलखात हिवाळा जसा असतो, जवळपास तसेच महिने तिला मिळतात. पाऊस वरून पडत नाही, पण तिचं मूळ दोन मीटरच्या खाली जातं आणि मुरलेली ओल ओढतं. उकाड्यातला पाऊस सुरू व्हायच्या आत तिचा खेळ आटोपलेला असतो. करडई पावसाळ्यात पेरून बघा, काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

डाळिंबाचं तुम्ही स्वतःच करता दादा. ताण देता म्हणजे पाणी तोडता, पानगळ करता, मग पाणी सोडून बहार धरता, म्हणजे हव्या त्या वेळी फुलं आणता. पावसाळ्याच्या शेवटी हस्त बहार धरला तर फळ थंड, कोरड्या दिवसांत पोसतं. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृग बहारात पावसामुळे तेल्या रोगाचा त्रास किती होतो ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. म्हणजे झाड तिथलंच राहिलं, आपण त्याचे ऋतू इथं जुळवून दिले.

करडईच्या पाकळीकडे आपलं लक्ष जात नाही, आपण तेलाला आणि कोवळ्या भाजीला पेरतो. सोलापूर कापडाचं गाव, म्हणून हे सांगावंसं वाटतं: पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात धुऊन जातो. लाल पाण्यात सुटत नाही, त्याला राखेचं खारं पाणी लागतं, मग आंबट घातलं की तो खाली बसतो. जपानमध्ये यामागाता भागात या रंगासाठी करडईची मोठी शेती होती, कापडालाही आणि ओठांना लावायलाही. शुद्ध रंग चिनीमातीच्या वाटीत वाळवला की हिरवा चमकतो आणि ओलं बोट लावलं की लाल होतो. इजिप्तमध्ये ममींच्या कापडावर हाच रंग आणि त्यांच्या गळ्यातल्या हारांत करडईची फुलं सापडली आहेत.

आणि ताई, मुलीचं निळं फूल इथंच आहे. जवस! ज्याची आपण चटणी करतो तेच. हेही पश्चिम आशियातलं, हेही रब्बीचं. त्याच्या खोडाच्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन, ममी त्यातच गुंडाळलेल्या असत. फूल रुपयाएवढं, पाच पाकळ्यांचं, आभाळी निळं. सकाळी उमलतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन येतात. लॅव्हेंडरची निळी रांग तुम्हाला हवी होती, ती जवसाची करा. जोडीला कॅलेंडुला आणि अॅलिसम, दोन्ही भूमध्य समुद्राकडची, तीही त्याच महिन्यांत पेरा. म्हणजे तुमच्या गच्चीवर वर्षात दोन नकाशे होतील: पावसाळ्यात मेक्सिको, मादागास्कर, आफ्रिका, हिवाळ्यात इराण, इजिप्त, भूमध्य समुद्र.

गच्ची_जुळेसोलापूर

मुलगी आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन जवसाचा डबा घेऊन आलीय. हेच पेरायचे का? आणि बोअरच्या पाण्याचं काय करू?

रोपवाली_होटगीरोड

भाजलेले नसतील तर हेच चालतात. डब्यातले थोडे ओल्या फडक्यात बांधून ठेवा, तीन-चार दिवसांत कोंब आला की बी चांगलं समजा. पेरायचं मात्र ऑक्टोबरात, दसऱ्याच्या पुढेमागे. रुंद, उथळ कुंडीत ओळीने शिंपडा, वर बोटाच्या पेराच्या निम्मी माती. रोपं दाट ठेवा, एकमेकांना धरून उभी राहतात. करडईला उलट खोल भांडं लागतं, ड्रम अर्धा कापून घ्या, एका ड्रमात दोनच बिया. फलटणच्या निंबकर संस्थेचा नारी-6 हा बिनकाट्याचा वाण आहे, घरात लहान मूल असताना तोच बघा.

बोअरच्या पाण्याचं: कुंडीच्या काठाला पांढरी खपली दिसायला लागली की मीठ साठतंय. जूनपासून पत्र्याचं, गच्चीचं पावसाचं पाणी पिंपात धरा आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीला ते इतकं द्या की खालच्या भोकातून बराच वेळ वाहील. थोडं-थोडं रोज दिलं तर मीठ वरच बसतं. पिण्याचं पाणी गाळणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात मीठ आणखी वाढलेलं असतं. कुंड्या विटांवर ठेवा, स्लॅबला टेकवू नका, मेमध्ये स्लॅब मुळं भाजतो. मातीत निम्मा मुरूम किंवा विटांचा चुरा, बाकी माती आणि कुजलेलं शेणखत. निशिगंधाला तेवढं शेणखत जास्त. त्याचे कंद आत्ताच लावा, माझ्याकडे नाही मिळाले तर हार करणाऱ्यांना विचारा, त्यांना शेतकरी माहीत असतात. आणि पूर्वभागातल्या ताईंकडून तरवडाचं बी आणाल तेव्हा पेरायच्या आधी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, साल फार टणक असते.